सात नंबरला गळतं

तो हॉल म्हणजे पूर्वी पोहण्याचा तलाव होता. त्यातलं पाणी काढून टाकलं त्याला बरीच वर्षं झाली होती, पण तलाव काही ते मनावर घ्यायला तयार नव्हता. भिंतींना अजून निळ्या फरशा होत्या, काठावर खोलीचे आकडे होते, आणि हवा जरा दमट झाली की औषध घातलेल्या पाण्याचा तो डोळ्यांत जाणारा वास कुठून तरी यायचाच. प्रेक्षक बसायचे ते तलावाच्या पोटात. उथळ बाजूला मागच्या रांगा, मग उतरत उतरत पुढच्या. खोल टोकाला लाकडी चौकटी उभ्या करून वर फळ्या ठोकल्या होत्या, तो रंगमंच. रंगमंचाच्या डाव्या अंगाला, काळ्या पडद्याच्या आड, पत्र्याची एक घडीची खुर्ची होती. तिच्या मागच्या भिंतीवर जुनी पाटी तशीच राहिली होती: ‘येथे सूर मारू नये.’ गाण्याची तालीम असली की पोरं एकमेकांना ती पाटी दाखवायची.

त्या खुर्चीवर धाकटी बसायची.

धाकटी सोळा वर्षांची होती. घरात दादा आणि ती अशी दोनच मुलं, म्हणून तो दादा आणि ही धाकटी. दादा गेल्यावरही सगळे तिला धाकटीच म्हणत राहिले. दुसरं काय म्हणायचं हे कुणाला सुचलं नसावं.

दादा गेला तो सायकलवरून. मागे सरकणाऱ्या एका मालट्रकच्या ड्रायव्हरला तो दिसला नाही, एवढंच. पुढच्या आठवड्यात त्याच्या नाटकाचा प्रयोग होता. तो अर्थातच झाला नाही.

त्यानंतर धाकटीला काही झालं नाही. म्हणजे लोकांना जे व्हावंसं वाटत होतं ते झालं नाही. ती रडली नाही. तिचं जेवण तुटलं नाही, परीक्षेत मार्क कमी पडले नाहीत. भेटायला येणाऱ्या बायका गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशा तिच्या तोंडाकडे बघत बसायच्या. दूध काही उतू गेलं नाही. शेवटी मावशी ओट्याशी उभी राहून आईला म्हणाली, “ताई, ही पोर म्हणजे दगड आहे गं.” धाकटी तिथेच कप विसळत होती. तिला राग आला नाही. तिने कप पालथा घातला आणि मावशीचं म्हणणं मनात तपासून पाहिलं. दगडाला निदान वजन असतं. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल आपलाच असून आपला राहत नाही, तसं तिला अंगभर झालं होतं. बोट लावलं तर लागलेलं कळायचं, पण कुणाला लागलं ते कळायचं नाही.

आणि तिला तलावात घेऊन आली तीही दातांचीच डॉक्टर.

डॉक्टर दिवसा दात काढायच्या आणि संध्याकाळी आसपासच्या मुलांना गोळा करून नाटकं बसवायच्या. फी नव्हती, परीक्षा नव्हती. वेळेवर यायचं आणि शेवटी खुर्च्या आवरायच्या, एवढीच अट. “तोंड उघड. अजून मोठं. मागच्या रांगेला दाढा दिसल्या पाहिजेत!” हे वाक्य त्या दोन्ही ठिकाणी वापरायच्या. दादा त्यांच्याकडे शाळेत असल्यापासून जायचा.

एका संध्याकाळी डॉक्टर घरी आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“कसं बोलू कळत नाही,” त्या आईला म्हणाल्या. “तो रखवालदाराचा कोट तुमच्याकडे राहिलाय. बाह्या आखूड करायला दिला होता ना. आम्ही ते नाटक पुन्हा घेतोय. तुम्हाला नसेल द्यायचा तर मी दुसरं काहीतरी—”

“आहे ना,” आई म्हणाली आणि आत जाऊन कोट घेऊन आली. आई पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. तिच्या हातून कुठलंही कापड चुरगळलेलं बाहेर पडत नसे. कोट इस्त्री करून हँगरवर होता, जसं काही उद्याच न्यायला येणार होतं कुणी.

डॉक्टरांनी तो हातावर घेतला. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, किंवा खरंच मनात आलं म्हणून, त्या धाकटीकडे वळल्या. “तू येतेस का गं? प्रॉम्प्टिंगला कुणीतरी हवंय.”

“हं,” धाकटी म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच हं म्हणायची. नाही म्हटलं की लोक खुर्ची ओढून बसतात आणि का ते विचारतात.

प्रॉम्प्टिंग म्हणजे कुणी वाक्य विसरलं की आडून त्याला पहिले दोन शब्द पुरवणं. वरवर बघता त्यात काही नाही. पण पहिल्याच तालमीत डॉक्टरांनी तिला एक गोष्ट सांगितली. “आवाजात भाव घालायचा नाही. तू रडका सूर लावलास की तो तुझा रडका सूर उचलतो आणि सगळा सीन नासतो. नुसते शब्द द्यायचे. वाण्याने साखर मोजावी तसे.” बाकीच्या मुलांना हे कधी जमलं नव्हतं. चिमणी म्हणून एक बारकीशी, अखंड बडबड करणारी मुलगी होती, कपड्यांचं बघायची. तिने आधी करून पाहिलं होतं, तर ती पडद्याआडून हुंदकेसुद्धा द्यायची. धाकटीने पहिलं वाक्य दिलं आणि डॉक्टर चष्म्यावरून तिच्याकडे बघतच राहिल्या.

“वा,” त्या म्हणाल्या. “हे असं मी वीस वर्षं मागतेय.”

त्या वाक्याने धाकटीला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पण जिथे तिच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही, आवाजात काही नाही म्हणून कुणी काळजी करत नाही, उलट शाबासकी देतं, अशी जगात एक जागा निघाली होती. ती रोज सगळ्यांच्या आधी येऊन खुर्ची उघडायची.

दुसरी विद्या तिची तिने शोधली. विसरणं आणि थांबणं यातला फरक प्रॉम्प्टरला कळावा लागतो. नट मुद्दाम थांबलेला असताना तुम्ही शब्द पुरवलात तर तो तुम्हाला खाऊ की गिळू करतो. आणि खरंच विसरलेला असताना गप्प राहिलात तर जन्मभर नावं ठेवतो. चेहऱ्यावरून काही कळत नाही, कारण चेहरा प्रेक्षकांकडे असतो. धाकटीला बाजूने दिसायचे ते पाय. तालमीत सगळे अनवाणी असत, फळ्या फार वाजतात म्हणून. तिच्या लक्षात आलं की मुद्दाम थांबलेल्या माणसाचे पाय शांत असतात. विसरलेल्याच्या पायाची बोटं हलतात, आंधळ्याने चाचपडावं तशी.

तर सगळं ठीक चाललं होतं. अडलं ते सात नंबरला.

नाटकात एक जुनं हॉटेल होतं, विकलं गेलेलं. त्याचा म्हातारा रखवालदार शेवटच्या दिवशी नव्या माणसाला किल्ल्या देतो आणि एकेका खोलीची माहिती सांगतो. एक नंबरचं दार फुगलंय, खांदा लावून उघडायचं. दोन नंबरला उन्हं चांगली येतात. असं करत करत सहा नंबरला एक बाई राहायच्या, त्यांची छत्री अजून आहे, आल्या तर द्यायची. मग सात. “सात नंबरला गळतं. ती कुणाला द्यायची नाही.” मग आठ, नऊ, आणि किल्ल्यांचा जुडगा खाली.

दादा हे भाषण घरातल्या बोळात पाठ करायचा. धाकटी स्टुलावर संहिता घेऊन बसायची आणि बाकीच्यांची वाक्यं मुर्दाड आवाजात वाचायची. तेव्हा तो मुर्दाडपणा नुसत्या कंटाळ्याचा होता. दादा सहावरून थेट आठवर जायचा. रोज. दहा वेळा सांगा, सात नंबर त्याच्या डोक्यातून गळूनच जायची. बाबा प्लंबर. ते कामावरून येऊन त्या वेळी न्हाणीघरात असायचे आणि आतून ओरडायचे, “सात नंबरला गळतंय!” आणि वर, “एवढं गळतंय तर त्या मालकाला म्हणावं मला बोलव!”

“बाबा, नाटकात नाही दुरुस्त होत!” दादा बाहेरून.

“मग कसलं डोंबलाचं हॉटेल!” आई शिवणाच्या मशीनवरून. “इतकी वर्षं गळतंय आणि घरात एक भांडं लावत नाही कुणी खाली.”

नंतर नंतर तर दादा सहा नंबर झाला की थांबायचाच. न्हाणीघराच्या दाराकडे हात पसरून उभा राहायचा, आतून आवाज आला की मान तुकवून पुढे जायचा. तो खरंच विसरायचा की मुद्दाम थांबायचा हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

आता रखवालदाराचं काम एका उंच, लांब मानेच्या मुलाकडे होतं. त्याला सगळे जिराफ म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. जिराफाचं पाठांतर चोख होतं. पहिल्या सबंध तालमीत तो सहा नंबरपर्यंत आला, छत्रीबद्दल बोलला, आणि त्याने श्वास घेतला.

“सात नंबरला गळतं,” पडद्याआडून आवाज आला.

“येतंय मला,” जिराफ म्हणाला.

“पुन्हा,” डॉक्टर म्हणाल्या.

पुन्हा सहा नंबर, पुन्हा छत्री. “सात नंबरला गळतं,” धाकटी म्हणाली.

“अगं ए! श्वास तरी घेऊ देशील की नाही?”

पोरं हसली. धाकटीने संहितेकडे पाहिलं, जिराफाच्या पायांकडे पाहिलं. पाय शांत होते. विसरला नव्हता तो. तिला दिसत होतं, कळत होतं, आणि तरी शिंक यावी तसं ते वाक्य बाहेर पडत होतं. पुढच्या तालमीत तेच. त्याच्या पुढच्या तालमीत तेच. मग कधी कधी जिराफ थांबायचाच नाही, पण तो आणि ती एकदमच बोलायचे, दोघांचं मिळून एक विचित्र समूहगान व्हायचं. डॉक्टरांनी मग नवीनच काढलं. त्या जिराफाला म्हणाल्या, “तू तिथे थांबच. चांगला थांब. म्हातारा बाकी सगळं घडाघडा सांगतो आणि सात नंबरला त्याचा पाय अडतो, असं दिसू दे.” जिराफाला ते फार आवडलं. आयुष्यातली त्याची ती पहिली मोठी जागा होती.

आणि त्या जागेत रोज न चुकता धाकटीचा आवाज.

शेवटी एकदा खुर्च्या आवरून झाल्यावर डॉक्टर तलावाच्या काठावर बसल्या आणि तिला शेजारी बसवलं. दोघींचे पाय खाली, नसलेल्या पाण्यात.

“तुझ्यासारखा प्रॉम्प्टर मला मिळायचा नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण ती जागा त्याची आहे. तिथे तू बोलायचं नाहीस. काहीही झालं तरी. कळलं?”

“हं.”

“प्रयोगात बोललीस तर मग पुढच्या नाटकाला मी चिमणीला बसवीन खुर्चीवर, आणि तुला घेईन स्टेजवर. शिक्षा नाही हां ही. तुझ्याच भल्यासाठी. दोन वाक्यं बोलशील लोकांसमोर, जरा मोकळी होशील.”

मोकळी. मावशीचंही तेच म्हणणं होतं, शाळेतल्या बाईंचंही तेच. सगळ्या जगाला तिला मोकळं करायचं होतं. धाकटीने मान हलवली, पण घरी जाताना तिला एक गोष्ट जाणवली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. तिला काहीतरी हवं होतं. इतक्या दिवसांत काही हवं आहे असं झालं नव्हतं. भूकसुद्धा घड्याळ बघून लागायची. आता तिला ती पत्र्याची खुर्ची हवी होती. लोकांसमोर उजेडात उभं राहून तोंड दाखवायला लागू नये, इतकंच. आणि त्यासाठी करायचं काय, तर गप्प बसायचं. गप्प बसण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता.

प्रयोगाच्या आधल्या दिवशी जिराफाने तिला गाठलं. त्याच्या अंगात कोट होता आणि बाह्यांतून मनगटं वीतभर बाहेर आली होती.

“तुला विचारू का?” तो म्हणाला. “म्हणजे, राग मानू नकोस. कोट थोडा... तुझ्या दादाच्या मापाचा आहे. तुझी आई बाह्या सोडेल का? चिमणीने सोडल्या तर माझे हात त्यातच शिवले जातील.”

“दे,” धाकटी म्हणाली.

“मला तो घालायला भीती वाटते,” जिराफ एकदम म्हणाला. मग घाईघाईने, “म्हणजे भूतबीत नाही. तसं नाही. तो चांगला करायचा ना. मी पाहिलं होतं, मी तेव्हा किल्ल्या घेणाऱ्या माणसाचं काम करायचो.”

“तो सात नंबर विसरायचा,” धाकटी म्हणाली.

जिराफाने आठवून पाहिलं. “तेव्हाही डॉक्टर ओरडायच्या खऱ्या,” तो म्हणाला.

आईने कोट टेबलावर पसरला आणि ब्लेडच्या टोकाने टाके उसवायला घेतले. स्वतःच घातलेले टाके. ते कुठे सुरू होतात हे तिला बघावं लागलं नाही. शिवणीच्या आत खडूची रेघ तशीच होती. आईने दुमड उलगडली, आतलं कापड बाहेरच्यापेक्षा काळं, नव्यासारखं होतं.

“कापलं नव्हतं मी,” ती म्हणाली. “आत ठेवलं होतं. म्हटलं पोरगा अजून वाढेल.”

बाबा स्टूल टाकून स्वयंपाकघराच्या नळाचा वायसर बदलत होते. नळ गळत नव्हता. दादा गेल्यापासून ते घरातल्या न गळणाऱ्या नळांचे वायसर बदलायचे. दुसऱ्यांच्या घरी दिवसभर काम, आणि घरी येऊन हे. त्यांनी मान वर केली नाही.

“उद्या सहा वाजता आहे,” धाकटी म्हणाली. “डॉक्टरांनी तुमच्या दोन जागा ठेवल्यात.”

“बघू,” बाबा म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पण दुसऱ्या दिवशी पडद्याच्या फटीतून तिने पाहिलं तर दोघं आलेले होते. चौथ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं होतं आणि ते तलावाच्या छताकडे, जुन्या पाइपांकडे बघत होते. आईची पर्स मांडीवर उभी, दोन्ही हात पर्सवर. बसमध्ये बसल्यासारखे दोघं बसले होते. धाकटी फटीतून बाजूला झाली. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. तिने थोडं थांबून पाहिलं. काही झालं नाही. ती जाऊन खुर्चीवर बसली.

तेवढ्यात चिमणी धावत आली. तिच्या हातात बूट होते. “आजोबांचे आणले! फार ओरडतील, पण नाटक संपेपर्यंत त्यांना कळत नाही. जिराफा, पाय दे. अरे, पाय आहेत का होड्या?”

धाकटीने बूट पाहिले. काळे, जाड, दोरीचे. जिराफाचे पाय त्यांत गेले आणि दिसेनासे झाले. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण घंटा झाली.

नाटक बरं चाललं. पहिल्या अंकात हॉटेलच्या मालकिणीची टोपी पडली, तिने ती न सांगता उचलली, टाळ्या घेतल्या. धाकटीला दोनदा शब्द पुरवावे लागले, दोन्ही वेळा किल्ल्या घेणाऱ्या नव्या माणसाला. कुणाला ऐकू गेलं नाही. मग दिवे मंद झाले, जिराफ जुडगा घेऊन पुढे आला. बाह्या आता बरोबर मनगटावर होत्या. शेवटच्या वीतभर पट्ट्याचा रंग तेवढा वेगळा.

एक नंबर. दोन. तीनला लोक हसले, हसायचंच होतं. चार. पाच. धाकटीने संहिता मांडीवर पालथी घातली आणि उजवा हात तोंडावर ठेवला. मग त्यावर डावा. सहा नंबरला एक बाई राहायच्या, त्यांची छत्री अजून आहे, आल्या तर द्यायची.

आणि जिराफ थांबला.

वाक्य आलं. घशापर्यंत आलं, तिने ते हाताने आत दाबलं. दात तळव्यात रुतले. ते परत गेलं. तिने जमवलं होतं. जागा त्याची होती, त्याला मिळाली होती. हॉल गप्प होता, चांगला गप्प.

जिराफ थांबलाच होता.

तालमीत तो इतका थांबत नसे. पण प्रयोगात नट जास्त थांबतात, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. धाकटीने त्याच्या पायांकडे पाहिलं. बूट. काळे, जाड, पॉलिश केलेले बूट, आणि आत काय चाललंय कुणाला माहीत. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, हात कोटात. मानेकडे पाहिलं, मान दुसरीकडे. कुणीतरी खोकलं. कुणीतरी खुर्चीत सरकलं. समोरच्या विंगेत डॉक्टर उभ्या होत्या, त्यांच्या चष्म्यावर दिवा पडला होता, डोळे दिसत नव्हते. त्या मान हलवत होत्या, पण हो म्हणून की नाही म्हणून हे अंधारात कळेना. काहीही झालं तरी बोलायचं नाही. तिने हात तसाच ठेवला. मागच्या रांगेतलं एक लहान मूल मोठ्यांदा म्हणालं, “झालं का?”

“सात नंबरला गळतंय.”

आवाज तलावाच्या पोटातून आला. चौथ्या रांगेतून, भिंतीच्या बाजूने. मोठा, थोडा वैतागलेला, आंघोळ अर्धवट सोडून माणूस बोलतो तसा. त्यात भाव म्हणून काही नव्हता. वाण्याने साखर मोजावी तसा.

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग आवाज कुणाचा ते कळलं, आणि मग काय विचारता! अर्ध्या हॉलच्या घरी बाबा कधी ना कधी पाना घेऊन येऊन गेलेले होते. हसू मागच्या रांगांपर्यंत चढत गेलं, फरशांवर आपटून परत आलं. धाकटीने तोंडावरचा हात काढला. तळव्यावर दातांचे ठसे होते. ती त्यांच्याकडे बघत बसली.

जिराफ हलला नाही. हसू पूर्ण उतरू दिलं त्याने. मग तो हळूच चौथ्या रांगेकडे वळला आणि म्हाताऱ्याने मान तुकवावी तशी त्याने मान तुकवली.

“गळतं,” तो म्हणाला. “माहीत आहे मला. ती कुणाला द्यायची नाही.” आणि आठ नंबरवर गेला.

प्रयोगानंतर विंगेत एकच गलका. चिमणी रडत होती, पण ती रडायचीच. जिराफ एक बूट काढून, एक पायात ठेवून लंगडत धाकटीकडे आला. घामाने त्याच्या केसांतली खडूची पांढरी पूड ओघळून कानांवर आली होती.

“का नाही बोललीस?” तो म्हणाला. “मी मेलो होतो तिथे!”

“तुला थांबायचं होतं.”

“कुठलं थांबायचं! पार कोरा झालो होतो. तू रोज बोलतेस ना, मला सवयच लागली. मी वाट बघत उभा होतो तुझी.”

मागून डॉक्टर आल्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं, धाकटीच्या तळव्याकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पदराने पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ घेतला.

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “पुढच्या खेपेला तुझं तू बघ. बोलायचं की नाही ते खुर्चीवर बसलेल्याने ठरवायचं.” आणि पलीकडे कुणीतरी पडद्याला हात पुसत होतं, त्याच्यावर ओरडायला त्या निघून गेल्या.

म्हणजे खुर्ची राहिली. धाकटीने ती घडी करून पाटीखाली, भिंतीला टेकवून ठेवली. हवी होती ती मिळाली होती. आता बरं वाटायला हवं, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. डोळे कोरडे, हात थंड. पण तळवा ठणकत होता, आणि तो तिचाच होता.

बाहेर बाबांना लोकांनी घेरलं होतं. “काय हो, नाटकातसुद्धा गळती शोधलीत!” “हॉटेलवाल्याला बिल पाठवा बरं का!” बाबा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत, बटण सोडवायच्या खटपटीत होते. तिघं घराकडे चालायला लागले.

मग आई म्हणाली, “तुम्हाला काय गरज होती मध्ये बोलायची? लहान पोरांचं नाटक.”

“अडकला होता तो,” बाबा म्हणाले.

“थांबला असेल मुद्दाम.”

“नाही. अडकला होता.”

आईने पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “तो काय, रोजच अडकायचा,” ती म्हणाली. आणि मग तिघंही तसेच पुढे चालत राहिले, त्याच चालीने, कारण थांबून करायचं काय हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पण इतक्या दिवसांत आईबाबांपैकी कुणी दादाला ‘तो’ म्हणून उल्लेखलं नव्हतं. कोट म्हणायचे, सायकल म्हणायचे, ती खोली म्हणायचे.

घरी आल्यावर बाबा न्हाणीघरात गेले. आईने मशीनवरचं आच्छादन काढलं, तसंच पुन्हा घातलं, आणि ताटं घ्यायला लागली. धाकटीने चपला काढल्या आणि बोळात येऊन उभी राहिली. न्हाणीघराच्या दाराखालून उजेडाची पट्टी येत होती. आत बादलीत पाणी पडत होतं.

“सहा नंबरला एक बाई राहायच्या,” धाकटी दाराला म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच होता, सपाट. “त्यांची छत्री अजून आहे. आल्या तर द्यायची.”

आणि ती थांबली.

स्वयंपाकघरात ताटांचा आवाज बंद झाला. आत पाणी पडतच होतं. बाबांना ऐकू गेलं की नाही कळायला मार्ग नव्हता. तिने खाली पाहिलं. गार फरशीवर तिच्या पायाची बोटं हलत होती.

आतला नळ बंद झाला.